गांजाचा कायदा बदलायचा म्हणजे नेमकं काय?

अमली पदार्थांचा कायदा बदलावा आणि गांजाची विक्री सरकारी नियंत्रणाखाली कायदेशीर करावी, अशी भूमिका आम्ही गेल्या अंकात मांडली होती. त्यावर आलेल्या पत्रांतली बरीच चिडलेली होती, काही घाबरलेल्या पालकांची होती, आणि काहींनी आम्हालाच कोंडीत पकडलं होतं. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. कायद्याची बाजू फौजदारी वकिलांनी आणि आरोग्याची मनोविकारतज्ज्ञांनी पाहिली आहे.

प्रश्न : पोर्तुगालने सगळे ड्रग्ज कायदेशीर केले आणि तिथे काही बिघडलं नाही, असं सारखं वाचायला मिळतं. मग आपण तेच का करत नाही?

उत्तर : पोर्तुगालमध्ये गांजा आजही बेकायदाच आहे. १ जुलै २००१ पासून तिथे एवढंच बदललं की, स्वतःपुरता दहा दिवसांचा साठा जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. दहा दिवसांचा साठा म्हणजे किती, हेही ठरवून दिलं आहे : गांजा २५ ग्रॅम, चरस ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, हेरॉईन १ ग्रॅम. एवढा माल सापडला तर पोलीस तो जप्त करतात आणि त्या माणसाला तीन सदस्यांच्या समितीपुढे पाठवतात. समितीत कायद्याची, आरोग्याची आणि समाजकार्याची जाण असलेली माणसं असतात. माणूस पहिल्यांदाच सापडला असेल आणि व्यसनी नसेल, तर कारवाई स्थगित होते. व्यसनी असेल तर समिती त्याला उपचाराकडे वळवते. विकणारा मात्र पूर्वीसारखाच तुरुंगात जातो.

बाळगणाऱ्याला गुन्हेगार न ठरवणं ही एक गोष्ट आणि माल कायदेशीरपणे पिकवून विकू देणं ही दुसरी. नेदरलँड्स या दोन्हींच्या मध्ये अडकला. तिथे कॉफीशॉपमध्ये एका ग्राहकाला पाच ग्रॅमपर्यंत विकलेलं चालवून घेतात, पण दुकानदाराने तो माल आणायचा कुठून, याची सोय कित्येक दशकं कायद्यात नव्हती. पुढच्या दाराने पावती आणि मागच्या दाराने टोळी, असा प्रकार. आता कुठे काही शहरांत परवानाधारक उत्पादकांचा माल दुकानांत आणण्याचा प्रयोग झाला आहे.

उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये थेट पुरवठ्याचाच कायदा केला. घरी सहा झाडं, किंवा १५ ते ४५ सभासदांचा क्लब, किंवा औषधाच्या दुकानातून महिन्याला ४० ग्रॅम. तिन्हींपैकी एकच मार्ग निवडायचा आणि नाव नोंदवायचं. पर्यटकाला काही मिळत नाही. दुकानांतली विक्री सुरू व्हायला जुलै २०१७ उजाडला, कारण बँका आणि औषधविक्रेते दोघेही बिचकत होते.

आमचं मत असं : बाळगणाऱ्याला तुरुंगाबाहेर ठेवायचं धोरण सगळ्याच पदार्थांना लागू व्हावं. परवान्याची विक्री मात्र फक्त गांजाची. हेरॉईन किंवा एमडी (मेफेड्रोन) दुकानात ठेवा, असं आम्ही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

प्रश्न : होळीला भांग उघड चालते. त्याच झाडाचा गांजा बाळगला तर गुन्हा. हा काय न्याय?

उत्तर : न्याय नव्हे, व्याख्या. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. राळ वेगळी काढली की ती चरस. भांग पानांची असते, म्हणून ती या कायद्यातून सुटते. ही व्याख्या अमली पदार्थांबाबतच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून जवळपास जशीच्या तशी आली. त्या करारात गांजाचा बिगर-वैद्यकीय वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत होती. करार १९६४ च्या डिसेंबरात लागू झाला, म्हणजे १९८९ पर्यंत वेळ होता. तोवर आपल्याकडे अनेक राज्यांत गांजाची सरकारी परवान्याची दुकानं होती. १९८५ च्या कायद्याने ती संपवली.

पण भांग केंद्राच्या कायद्यातून सुटली म्हणून सगळीकडे मोकळी झाली, असं नाही. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याची भांगेची दुकानं आहेत. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि त्याखाली भांग विनापरवाना बाळगणं, विकणं हा गुन्हा होतो. होळीला पोलीस काणाडोळा करतात, ती सवलत आहे, हक्क नाही.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलबाहेर त्याच्याकडे १५ ग्रॅम गांजा सापडला. ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, आजच सुटशील’ असं सगळे सांगत आहेत. काय करावं?

उत्तर : सही करण्याआधी थांबा. आधी तुमचा स्वतःचा वकील गाठा.

गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत आहे. १५ ग्रॅमला कलम २० खाली कमाल एक वर्ष सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढताना पकडला असेल तर कलम २७ : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. इतक्या मालासाठी जामीन सहसा मिळतो, कारण कलम ३७ च्या जामिनाच्या जाचक अटी व्यावसायिक मात्रेच्या आणि ठरावीक गंभीर कलमांच्या प्रकरणांना लागतात.

गुन्हा कबूल केला की दंड भरून संध्याकाळी घरी येता येतं, हे खरं. पण तो दोषसिद्धीचा निकाल असतो. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात आणि अनेक देशांच्या व्हिसाच्या अर्जात ‘कधी दोषी ठरला आहात का’ हा रकाना असतोच, आणि तिथे ‘हो’ लिहावं लागतं. उलट खटला लढवायचा तर तो प्रलंबित असेपर्यंत पासपोर्टला अडचण येते. कोर्टाची परवानगी काढावी लागते. दोन्हीकडे किंमत आहे. ती समजून निर्णय घ्या, कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी सुचवलं म्हणून नको. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या कायदाविषयक अभ्याससंस्थेने मुंबईतल्या प्रकरणांचा अभ्यास केला, तेव्हा हेच चित्र दिसलं : बहुतेक गुन्हे सेवनाचे, त्यांत गांजाचे सर्वाधिक, आणि शिक्षा झालेल्यांनी सरसकट गुन्हा कबूल केलेला.

वकिलाला तीन कागद बघायला सांगा. पहिला म्हणजे अंगझडतीचा पंचनामा. कलम ५० प्रमाणे झडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे सांगणं सक्तीचं आहे. मात्र माल खिशात नसून सॅकमध्ये सापडला असेल तर हा मुद्दा चालत नाही. कलम ५० फक्त अंगझडतीला लागतं. दुसरा कागद वजनाचा. काटा कुठला होता, वजन पुडीसकट केलं की पुडी काढून, ते नोंदलेलं असलं पाहिजे. तिसरा रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. तो येईपर्यंत तो पदार्थ कागदोपत्री ‘गांजासदृश’च असतो.

आता कलम ६४ अ. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. अर्ज करताना केंद्राच्या मान्यतेचा कागद जोडायला विसरू नका. नातेवाईक खासगी केंद्रात भरती करतात, केंद्राला मान्यता नसते, आणि अर्ज तिथेच पडतो.

या कलमात एक मोठी खोच आहे. सवलत फक्त ‘व्यसनी’ माणसाला आहे. महिन्यातून एकदा मित्रांत ओढणारा मुलगा व्यसनी नाही, म्हणून त्याला हे दार बंद. तो उपचाराची गरज नसताना स्वतःला व्यसनी म्हणवून घेतो आणि व्यसनमुक्ती केंद्रातली एक खाट अडवतो. ती खाट ज्याला खरोखर हवी तो बाहेर राहतो. सुधारणा कुठून सुरू करायची असं आम्हाला कुणी विचारलं, तर आम्ही आधी याच कलमावर बोट ठेवू.

प्रश्न : अल्प मात्रा आणि व्यावसायिक मात्रा यांचे आकडे द्याल का?

उत्तर : ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे, आधी अल्प आणि मग व्यावसायिक : गांजा १ किलो आणि २० किलो, चरस १०० ग्रॅम आणि १ किलो, अफू २५ ग्रॅम आणि अडीच किलो, हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. व्यावसायिक मात्रेला किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि एक ते दोन लाख दंड. दहा वर्षांच्या खाली यायचा अधिकार न्यायाधीशांना नाही.

आकडे पाठ करण्यापेक्षा ते मोजतात कसे, हे बघा. गांजाच्या कुठल्याही पंचनाम्यात साधारण असं वाक्य असतं : ‘हिरवट रंगाची पाने, फुले, बिया व काड्या असलेला उग्र वासाचा गांजासदृश पदार्थ, एकूण वजन २१ किलो ४०० ग्रॅम’. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे शेंडे. शेंड्यांपासून सुटी पानं, बिया, काड्या काढल्या तर हाच ढीग १२-१४ किलोवर येऊ शकतो, म्हणजे व्यावसायिक मात्रेच्या बराच खाली. फरक किमान दहा वर्षांचा आहे आणि तो काट्यावर कुणी काय टाकलं यावर ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर जामीन दिल्याची उदाहरणं आहेत, पण जामिनापर्यंत पोचायलाच माणसाची वर्षं जातात. व्यावसायिक मात्रेत दोषारोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात, आणि न्यायालय ते एका वर्षापर्यंत वाढवू शकतं.

भेसळीच्या मालाचं तर आणखी विचित्र. हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये ठरवलं की मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं. म्हणजे ३०० ग्रॅम भुकटीत हेरॉईन दहाच ग्रॅम असलं तरी ती व्यावसायिक मात्रा. शुद्ध १०० ग्रॅम बाळगणारा त्याच्यापेक्षा हलक्या शिक्षेत बसतो. साखळीत जितका खाली जाल तितका माल जास्त मिसळलेला, त्यामुळे हा नियम गल्लीतल्या विकणाऱ्याला मोठ्या व्यापाऱ्यापेक्षा कडक लागतो. हे निकालाला धरून असलं तरी धोरण म्हणून उफराटं आहे, आणि ते संसदेनेच बदलायला हवं.

प्रश्न : तुम्ही गांजाचं नुकसान लपवता. माझ्या भावाला ओढून ओढून वेड लागलं.

उत्तर : लपवत नाही. रोज आणि जास्त टीएचसीचा (टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक) गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसतो. भास होणं, लोक आपल्या मागावर आहेत असं वाटणं, ही त्याची लक्षणं. वय जितकं कमी आणि घरात मानसिक आजाराचा इतिहास जितका जवळचा, तितका धोका मोठा. गांजा ओढणाऱ्या दर शंभरांत साधारण नऊ जणांना कधी ना कधी व्यसन लागतं. किशोरवयात सुरुवात केलेल्यांत सहापैकी एकाला. सोडताना पहिल्या आठवड्यात चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं हे सगळं जोरात असतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. गांजाच्या व्यसनावर खास मान्यताप्राप्त औषध नाही; समुपदेशनावरच भिस्त असते. भावाला अजून उपचार सुरू नसतील तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मात्र भास होत असतील तर हेल्पलाइनवर न थांबता थेट मनोविकारतज्ज्ञ गाठा.

हे सगळं खरं आहे म्हणूनच विक्रीवर ताबा हवा. आज पुडीत टीएचसी किती हे कुणालाच माहीत नसतं, विकणाऱ्यालाही नाही. झोप लावणाऱ्या गोळ्यांची पूड मिसळली आहे की नाही, बुरशी लागली आहे की नाही, तेही नाही. पेडलर जन्मदाखला बघत नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख निघाले, आणि त्यातले सुमारे ७२ लाख उपचाराची किंवा मदतीची गरज असलेले. कायदा कडक असताना ही संख्या आहे. याच पाहणीत दारू पिणारे १६ कोटी होते, पण ते असो.

प्रश्न : कायदेशीर केल्यावर पोरं जास्त ओढणार, हे उघड नाही का?

उत्तर : कॅनडा आणि अमेरिकेतल्या राज्यांचा आजवरचा अनुभव असा : प्रौढांत वापर वाढला, शाळकरी वयात ठळक वाढ दिसली नाही. मात्र एक गोष्ट नक्की बिघडली. गांजाचे लाडू-चॉकलेट म्हणावेत असे खाद्यपदार्थ बाजारात आले आणि लहान मुलांनी ते चुकून खाऊन दवाखान्यात दाखल होण्याचे प्रकार वाढले.

त्याचं कारण समजून घ्या. ओढलेल्याचा अंमल काही मिनिटांत चढतो. खाल्लेल्याला अर्धा ते दोन तास लागतात. प्रौढही ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली तेव्हा यावर पुरेसे नियम नव्हते. एका मात्रेत १० मिलिग्रॅम आणि अख्ख्या पाकिटात १०० मिलिग्रॅम टीएचसी अशी मर्यादा होती, पण प्रत्येक मात्रेचा तुकडा सहज वेगळा करता आला पाहिजे, हे बंधन नंतर आलं. कॅनडाने त्यातून धडा घेतला. तिथे संपूर्ण पाकिटातच १० मिलिग्रॅम, मुलांना उघडता न येणारं झाकण, एकाच साध्या रंगाचं वेष्टन, पिवळ्या चौकटीत इशारा, आणि कार्टूनसारखं काहीही नाही. आपल्याकडे असा कायदा कधी झाला तर खाद्यपदार्थांना पहिली काही वर्षं परवानगीच देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भांगेच्या गोळीचा अनुभव असलेल्या देशाला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

प्रश्न : सरकारला किती कर मिळेल?

उत्तर : आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर दुर्लक्ष करा. कर कशावर लावायचा हा त्याआधीचा प्रश्न आहे.

कॅनडाने सुक्या गांजावर ग्रॅमला एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यांतलं जे जास्त असेल ते, असा कर ठेवला. तेव्हा गृहीत धरलं होतं की माल दहा डॉलर ग्रॅमने जाईल. उत्पादन प्रमाणाबाहेर वाढलं, घाऊक भाव कोसळले आणि तोच एक डॉलर भावाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाइतका झाला. छोटे उत्पादक करात बुडाले. शिवाय वजनावर कर असला की उत्पादक त्याच एका ग्रॅममध्ये जास्तीत जास्त टीएचसी कोंबतो. त्यामुळे कर टीएचसीच्या मिलिग्रॅमवर असावा. खाद्यपदार्थांसाठी कॅनडाने तेच केलं आहे.

कर फार चढवला तर गिऱ्हाईक जुन्या पेडलरकडे परततं. कॅलिफोर्नियाला हे महागात पडलं. उद्देश तिजोरी भरण्याचा नसून टोळीचं गिऱ्हाईक तोडण्याचा असेल, तर सुरुवातीची काही वर्षं किंमत काळ्या बाजाराच्या आसपासच ठेवावी लागते. आपल्या राज्यघटनेत ‘इंडियन हेंप’ म्हणजे गांजावरचं उत्पादन शुल्क राज्यांच्या सूचीत आहे, दारूच्याच नोंदीत. म्हणजे पैसा राज्याकडे आणि मोहही राज्याचाच. दारूच्या महसुलावर राज्यं कशी अवलंबून राहतात हे आपण बघतो आहोतच. म्हणून या कराचा ठरावीक वाटा व्यसनमुक्तीसाठी कायद्यानेच बांधून ठेवावा.

प्रश्न : थायलंडने मोकळं केलं आणि परत आवळलं. ओरेगॉननेही. तुमचे मुद्दे तिथेच खोटे ठरले.

उत्तर : थायलंडने ९ जून २०२२ ला गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचा कायदा संसदेत मंजूर होण्याआधी काढला. जुना कायदा गेला, नवा आलाच नाही. मधल्या काळात हजारो दुकानं उघडली आणि सरकार एकेक आदेश काढून भोकं बुजवत बसलं : वीस वर्षांखालच्यांना नको, गरोदर स्त्रियांना नको. शेवटी जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. यातला धडा क्रमाचा आहे. आधी परवाने, तपासणीच्या प्रयोगशाळा, वयाची अट. मग यादीतून नाव काढायचं.

ओरेगॉनची गोष्ट वेगळी आहे. तिथे गांजा २०१५ पासून कायदेशीर आहे आणि आजही आहे. मागे घेतलं ते इतर पदार्थांच्या बाळगण्याचं फौजदारीमुक्त होणं. फेब्रुवारी २०२१ पासून बाळगणाऱ्याला शंभर डॉलरची चिठ्ठी मिळायची आणि एका हेल्पलाइनला फोन करून तपासणी करून घेतली की ती माफ व्हायची. फार थोड्यांनी फोन केले, कारण न केल्याने काहीच होत नव्हतं. उपचारांसाठी ठेवलेला पैसा वेळेवर पोचला नाही, आणि त्याच काळात फेंटानिल हे अतितीव्र, अफूसारखं कृत्रिम ड्रग पसरलं. १ सप्टेंबर २०२४ पासून तो पुन्हा गुन्हा झाला. पोर्तुगालमध्ये माणूस समितीपुढे प्रत्यक्ष बसतो, ओरेगॉनमध्ये हातात नुसता कागद होता. तुमची टीका ओरेगॉनच्या पद्धतीला लागू पडते आणि आम्हाला ती मान्य आहे.

प्रश्न : माझी चार एकर कोरडवाहू आहे. एक कंपनी ‘हेंप’ लावा, बियाणं आम्ही देतो, परवान्याचं आम्ही बघतो म्हणते. लावू का?

उत्तर : परवाना तुमच्या नावावर, तुमच्या गट नंबरासह, सरकारी सही-शिक्क्याचा हातात येईपर्यंत एक बीही पेरू नका. हेंप म्हणजे गांजाचंच झाड, आणि ते विनापरवाना लावण्याला एनडीपीएस कायद्याच्या कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. यात अल्प मात्रेची सवलत नाही. तुरीच्या ओळीत लावलेली चार झाडंही लागवडच. आपल्या जमिनीत दुसऱ्याने लावलेली दिसली तरी कळवणं कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाचं कर्तव्य आहे, आणि कलम ४७ प्रमाणे सरपंचाचंही.

धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद कायद्यात आहे. उत्तराखंडने २०१८ पासून ती वापरली. अट अशी की झाडात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. अडचण इथेच येते. आपल्याकडच्या स्थानिक वाणांत टीएचसी त्याहून बराच जास्त असतो. कमी टीएचसीचं बियाणं आणलं तरी शेजारून उडत आलेल्या परागांमुळे पुढच्या पिढीचं बियाणं बिघडतं, आणि काढणी लांबली की फुलोऱ्यातला टीएचसी चढत जातो. तपासणीत आकडा वर गेला तर पीक नष्ट करावं लागतं. ते नुकसान कोण भरणार, हे कंपनीच्या करारात कुठे लिहिलंय ते शोधा. बहुधा सापडणार नाही.

हेंपच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ पासून परवानगी दिली आहे. पण ती विक्रीची परवानगी आहे, लागवडीची नव्हे. कंपन्या या दोन्हींची सरमिसळ करून माहितीपत्रक छापतात.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही आहे. मग हे शक्यच नाही ना?

उत्तर : वैद्यकीय वापराला करार आड येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा सर्वांत कडक अनुसूचीतून काढला, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. करमणुकीसाठीच्या विक्रीला मात्र करार आड येतो. उरुग्वे आणि कॅनडा करारात राहूनच पुढे गेले आणि टीका सोसत आहेत. बोलिव्हियाने कोकाच्या पानांसाठी करार सोडला आणि २०१३ मध्ये आपली हरकत नोंदवून पुन्हा आत आला. तोच रस्ता आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतो. बाळगण्याची शिक्षा काढून त्या जागी समिती आणण्याला करारात वाव आहेच. पोर्तुगाल पंचवीस वर्षं तेच करतो आहे.

प्रश्न : होळीला भांग प्यायलो. आठ दिवसांनी नव्या नोकरीसाठी लघवीची तपासणी आहे. पॉझिटिव्ह आलो तर केस होईल का?

उत्तर : कंपनीच्या तपासणीवरून पोलीस केस सहसा होत नाही, नोकरी जाऊ शकते. लघवीत टीएचसीचा उरलेला चयापचयित अंश मोजतात. क्वचित घेणाऱ्याला तो तीन-चार दिवस दिसतो, रोज घेणाऱ्याला महिनाभरही. तुमचे आठ दिवस झालेले असतील आणि सवय नसेल तर बहुधा काही दिसणार नाही. प्राथमिक चाचणीची मर्यादा साधारण ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. त्यात पॉझिटिव्ह आलात तर मास स्पेक्ट्रोमेट्रीची खात्रीची चाचणी लेखी मागा. तिची मर्यादा सहसा १५ असते आणि इतर औषधांमुळे झालेली चूक तीत वगळली जाते. मात्र भांग आणि गांजा यांत ही चाचणीही फरक करू शकत नाही, कारण दोन्हींतला पदार्थ एकच.

हा अंश लघवीत कित्येक दिवस राहतो, म्हणून गाडी चालवणाऱ्यांसाठी लघवीची चाचणी निरुपयोगी आहे : ती आठवड्यापूर्वीचं सेवन दाखवते, आत्ताची नशा नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूला १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ड्रग्जना आकडाच नाही, ‘वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल’ एवढंच. जर्मनीने २०२४ मध्ये रक्तद्रवात ३.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही टीएचसीची मर्यादा घातली. तुमच्या नोकरीच्या तपासणीत नमुना देण्याआधीच्या फॉर्मवर ‘अलीकडे घेतलेले पदार्थ व औषधे’ असा रकाना असेल, तर तिथे खोकल्याच्या औषधापासून सगळं खरं लिहा आणि त्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा.